बियांच्या आधीचे रुजणे

वनस्पतींच्या संप्रेरकांचा तक्ता शाळेत बहुतेकांनी पाठ केलेला असतो. ऑक्झिनमुळे वाढ होते, जिबरेलिनमुळे खोड लांबते आणि बी रुजते, सायटोकायनिनमुळे पेशी विभागतात, ॲब्सिसिक ॲसिडमुळे वाढ थांबते. या तक्त्यातले एकही विधान खोटे नाही. तरीही तो मनाला एक चुकीची सवय लावतो. काम रेणूच्या अंगातच असते, असे आपण धरून चालतो. जिबरेलिन हे जात्याच रुजवणारे द्रव्य आणि ॲब्सिसिक ॲसिड जात्याच थोपवणारे, असे समजतो. माझे म्हणणे असे की रेणूला स्वतःचे काम नसते. त्याचा अर्थ ऐकणाऱ्या पेशीत ठरतो आणि ऐकण्याची ती यंत्रणा कोट्यवधी वर्षांत तुकड्यातुकड्याने जमत गेलेली असते. या म्हणण्याची सर्वांत चांगली साक्ष बी देत नाही, मॉसचा बीजाणू देतो. कारण बी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी बीजाणू रुजत होते. बियांचा सर्वांत जुना पुरावा सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर मॉसची आणि फुलझाडांची वाट सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असे मानले जाते. म्हणजे कधी रुजावे आणि कधी थांबावे हा प्रश्न वनस्पतींनी बियांशिवायच हाताळला होता.

हा प्रश्न किती खरा आहे हे समजून घ्यायला मुंबईसारखी जागा शोधून सापडणार नाही. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या कुंपणभिंतींवर आणि चाळींच्या मोऱ्यांच्या पाइपांखाली पावसाळ्यात जो हिरवा थर धरतो, त्यातला काही भाग शैवालाचा असतो. ज्यावरून हात फिरवला की बारीक पाने बोटांना लागतात ते मॉस. अशा विटा-चुन्याच्या भिंतींवर वाढणारे हायोफिला कोरड्या दिवसांत पाने आत वळवून काळपट पडते आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडते. सह्याद्रीत महाबळेश्वर-खंडाळ्याकडे फ्युनारिया सापडते, जे आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाच्या वहीतून चांगले ओळखीचे आहे. या मॉसची बोंडासारखी पेटी फुटली की धुळीसारखे बीजाणू उडतात. प्रत्येक बीजाणू म्हणजे एकच पेशी, व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, भोवती चिवट कवच. बीमध्ये तयार गर्भ असतो आणि त्याच्यासाठी आईने भरून दिलेला अन्नसाठा असतो. बीजाणूची शिदोरी फार तुटपुंजी. मुंबईत पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात वळवाची एखादी सर येते, भिंत भिजते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तापून कोरडी ठणठणीत होते. त्या सरीला भुलून कवच फोडणाऱ्या बीजाणूला परत बीजाणू होता येत नाही. हजारो बीजाणूंतले काही वाया गेले तर मॉसला ते परवडते, सगळेच गेले तर नाही. पाणी मिळाले की रुजायचे, एवढ्यावर हा कारभार चालणे कठीण आहे.

बीच्या बाबतीत हा निर्णय कसा होतो ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. ॲब्सिसिक ॲसिड बीला झोपवून ठेवते, जिबरेलिन जागे करते आणि प्रकाश, तापमान, ओल यांच्या बातम्या या दोघांच्या तोलात उतरतात. ॲब्सिसिक ॲसिडची पकड सुटली तर काय होते हे मक्याच्या काही उत्परिवर्तित वाणांत दिसते. त्यांचे दाणे कणसातच रुजतात. त्यांतल्या काही वाणांना ॲब्सिसिक ॲसिड बनवताच येत नाही. एका वाणाला, व्हीपी-1 नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे, ते असूनही ऐकू येत नाही. परतीच्या पावसात ज्वारीच्या कणसाला किंवा सोयाबीनच्या शेंगेला उभ्या पिकात कोंब फुटलेले मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने पाहिलेले असतात; त्यामागेही झोप पुरेशी गाढ नसणे हे कारण असते. मग मॉसच्या बीजाणूत हाच ब्रेक आहे का?

2016 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात ज्युलिएट कोट्स यांच्या गटाने या प्रश्नाचे उत्तर फिस्कोमिट्रेला या मॉसवर शोधले. ॲब्सिसिक ॲसिड दिले की बीजाणूंचे रुजणे मागे पडते, हे त्यांनी दाखवले. तोवर ही गोष्ट कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. ॲराबिडिलो नावाच्या प्रथिनांचा एक गट फुलझाडांत मुळांना फाटे फुटायला मदत करतो. मॉसला खरी मुळे नाहीत, तरी त्याच्याकडे ही प्रथिने आहेत. मॉसमध्ये ती ॲब्सिसिक ॲसिडचा बीजाणूवरचा हा परिणाम नियंत्रित करतात आणि ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या फुलझाडात बी रुजतानाही तसेच काम करतात, असे त्या प्रयोगांतून निघाले. मॉसमधले प्रथिन फुलझाडात घातले तर ते तिथली जागा भरून काढते. त्याआधी 2006 मध्ये राल्फ क्वात्रानो आणि सहकाऱ्यांनी मक्याच्या व्हीपी-1 चे भाऊबंद असलेले जनुक मॉसमधून काढून ॲराबिडॉप्सिसच्या बिघडलेल्या वाणात घातले होते. तिथेही बिघाड अंशतः भरून निघाला होता. म्हणजे थांबवण्याच्या यंत्रणेतले काही भाग इतके जुने आहेत की 45 कोटी वर्षांच्या अंतरावरूनही ते एकमेकांच्या जागी बसतात.

इथे थांबलो असतो तर शाळेतला तक्ताच खरा ठरला असता: ॲब्सिसिक ॲसिड म्हणजे थांबा, मॉसपासून मक्यापर्यंत. पण त्याच वर्षी त्याच गटाने दुसरा, अधिक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याने चित्र गुंतागुंतीचे केले. बाहेरच्या जगातल्या ज्या खुणांकडे बी पाहते त्यांकडेच बीजाणूही पाहतो. प्रकाशाचेच घ्या. लेट्यूसच्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला तर त्या रुजतात आणि पाठोपाठ अतितांबडा टाकला तर थांबतात, हे हॅरी बॉर्थविक आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये दाखवले होते. प्रकाशाच्या या भेदाची दखल बीजाणूही घेतो. खुणा समान आहेत, पण त्या खुणांपासून रुजण्यापर्यंत जाणारी संप्रेरकांची वाट समान नाही. बीमध्ये ॲब्सिसिक ॲसिडचा शब्द जवळपास अखेरचा असतो, बीजाणूत त्याला तेवढे वजन नाही. बीजाणूतल्या आणि बीतल्या संप्रेरक-यंत्रणा बहुधा स्वतंत्रपणे घडल्या, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

जिबरेलिनकडे वळल्यावर हे अधिकच उघडे पडते. या द्रव्याचा माग भाताच्या रोगातून लागला. बुरशी लागलेली रोपे शेतात भलतीच उंच वाढून कोसळतात, त्यामागे बुरशीने सोडलेले एक द्रव्य आहे, हे एइइची कुरोसावा यांनी 1926 साली दाखवले. आज महाराष्ट्रात या द्रव्याची ओळख करून द्यायची गरज नाही. तासगाव, नाशिक, सांगलीचा द्राक्षबागायतदार त्याला नुसते ‘जीए’ म्हणतो आणि थॉमसन सीडलेसचे घड त्यात बुडवतो. मणी लांबतो, फुगतो. जवाच्या दाण्यात तेच द्रव्य साठवलेला स्टार्च फोडणारी विकरे तयार करायला लावते, माल्टचा धंदा त्यावर चालतो. ज्याच्या नावावर बी रुजवण्याची एवढी ख्याती आहे ते मॉसमध्ये काय करते? फिस्कोमिट्रेलाच्या जनुकसंचाचे वाचन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच्या आगेमागे झालेल्या कामातून दिसले की द्राक्षाला किंवा जवाला उपयोगी पडणारी जिबरेलिने हे मॉस बनवतच नाही. ती ओळखणारा जीआयडी-1 हा ग्राहक, जो 2005 साली भातात सापडला, तोही मॉसमध्ये त्या अर्थाने काम करत नाही. पण जिबरेलिनच्या निर्मितीतल्या पहिल्या काही पायऱ्या मॉसमध्ये आहेत, एन्ट-कॉरीन नावाच्या द्रव्यापर्यंत आणि थोड्या पुढे. हे पूर्वद्रव्य बीजाणूच्या रुजण्यात भाग घेते, असा पुरावा 2009 मध्ये अमेरिकेतून पुढे आला. पुढच्या वर्षी जपानमध्ये एन्ट-कॉरीन न बनवू शकणारे मॉस तयार केले गेले. त्याच्या तंतूंची पुढची घडण अडखळली आणि एन्ट-कॉरीन परत दिल्यावर सुधारली. मॉसने त्याच कच्च्या मालापासून आपली वेगळी बातमी बनवली आहे.

आता डेला प्रथिनांकडे पाहावे, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. फुलझाडांत डेला ही वाढीला लगाम घालणारी प्रथिने आहेत. जिबरेलिन आले की ग्राहक डेलाला पकडतो, पेशी त्याचा नाश करते आणि लगाम सुटतो. हरितक्रांतीतले बुटके गहू बुटके का, तर त्यांच्यातले डेला असे बदलले आहे की जिबरेलिन आले तरी ते हटत नाही. हे 1999 मध्ये स्पष्ट झाले. मॉसकडे डेला आहे. 2023 साली कोट्स यांच्याच गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मॉसमधले डेला बीजाणूच्या रुजण्याचे नियमन करते, पण जिबरेलिनच्या कुळातल्या द्रव्यांनी ते नष्ट होत नाही आणि जिबरेलिनच्या ग्राहकाशी जुळतही नाही. लगाम आहे, पण तो जिबरेलिनच्या हातात नाही. ॲब्सिसिक ॲसिडच्या बाबतीतही अशीच गोष्ट 2019 मध्ये पुढे आली. जमिनीवरच्या वनस्पतींच्या जवळच्या नात्यातले झिग्नेमा हे गोड्या पाण्यातले शैवाल. त्याच्याकडे ॲब्सिसिक ॲसिडच्या ग्राहकाचा भाऊबंद सापडला. तो त्याचे नेहमीचे काम करतो, मात्र ॲब्सिसिक ॲसिडची वाट न पाहता. कान आधी आले आणि आवाजाशी त्यांची ओळख नंतर झाली.

गिरणगावात भोंगा होता तेव्हा त्याच्या आवाजात कोणतीही आज्ञा नव्हती. पहिल्या पाळीच्या कामगाराला तो निघायला सांगे, खानावळीतल्या बाईला ताटे वाढायला, आणि घड्याळ नसलेल्या घराला वेळ. त्या आवाजाला तीन कामे मिळाली ती तीन प्रकारच्या दिनक्रमांमुळे. संप्रेरकाचे असेच आहे, आणि म्हणूनच एका वनस्पतीत त्याचे काम काय हे पाहून दुसरीत ते काय असेल हे सांगता येत नाही.

याची एक साक्ष मुंबईनेच दिली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. तिथे मनमोहन जोहरी यांनी फ्युनारिया हे आपले प्रायोगिक सजीव म्हणून निवडले. बीजाणू रुजला की त्यातून प्रथम हिरव्या पेशींचा तंतू निघतो, क्लोरोनिमा. मग काही तंतू बदलतात, पेशी लांब होतात, त्यांच्या आडभिंती तिरक्या होतात, तो कॉलोनिमा. त्यावर कळ्या येतात आणि कळीपासून पानांचे मॉस उभे राहते. पहिल्या तंतूचा दुसरा तंतू होण्यासाठी ऑक्झिन लागते, हे जोहरी आणि देसाई यांनी 1973 मध्ये ‘नेचर न्यू बायॉलॉजी’त दाखवले. हांडा आणि जोहरी यांचा त्यानंतरचा, 1976 चा लेख ‘नेचर’मध्ये आला, पेशींच्या याच घडणीत चक्रीय एएमपी या रेणूची भूमिका काय, हा त्याचा विषय होता. 1985 मध्ये या मॉसच्या तंतूंत ऑक्झिन स्वतःच तयार होते हे जयस्वाल आणि जोहरी यांनी मांडले. ऑक्झिनची कीर्ती कशासाठी? प्रकाशाकडे वाकणाऱ्या कोंबासाठी, कलमाला मुळे फुटण्यासाठी. फ्युनारियाच्या तंतूला ना असा कोंब ना असे मूळ, तरी ऑक्झिन आहे आणि त्याला काम आहे. पुढच्या टप्प्यावर सायटोकायनिनने कळ्या येतात, हे तर 1957 पासून माहीत होते. रुजल्यानंतरच्या प्रत्येक वळणावर तेच ओळखीचे रेणू आणि वेगळी कामे दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा की बीजाणू आणि बी यांची तुलनाच गैर आहे. बीजाणू एकपेशी, त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच. बी म्हणजे आईच्या उतींनी वेढलेला, दोन संचांचा गर्भ. रचनेच्या दृष्टीने ते एकमेकांचे कोणीच नव्हेत. हे बरोबर आहे, आणि माझ्या मते त्यामुळेच तुलना बोलकी होते. जी गोष्ट वारशाने मिळालेली नाही तिच्यासाठी जुनी हत्यारे वापरली गेली असतील, तर हत्यारे कामाच्या आधीची होती हे मान्य करावे लागते. दोन्ही ठिकाणी काम मात्र एकच, दूर जाऊन पडायचे आणि योग्य वेळेपर्यंत तग धरायची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मॉस हा फुलझाडांचा पूर्वज नाही. तोही तितकीच वर्षे उत्क्रांत होत आलेला चुलत भाऊ आहे. मग जिबरेलिनची यंत्रणा आधी सर्वांकडे होती आणि मॉसने ती गमावली, असे का नसेल? हे आजच्या पुराव्यावरून पूर्णपणे नाकारता येत नाही. मार्केन्शियासारख्या यकृतकांतही जिबरेलिनच्या पूर्वद्रव्यांपासून निघालेले वेगळे संयुग अतितांबड्या प्रकाशाच्या प्रतिसादात काम करते असे आढळले आहे. पण मॉस आणि यकृतके एकमेकांची जवळची नातलग असल्याने एकाच वेळच्या हानीने दोघांचेही स्पष्टीकरण देता येईल. मला वाटते, यंत्रणा नंतर आली असे मानायला कमी गृहीतके लागतात. तरी समजा ती गमावली गेली. तसे असेल तरी मुद्दा ढळत नाही. कधीकाळी जिबरेलिनकडे नेणारा कच्चा माल आता दुसरी बातमी देतो आणि डेला जिबरेलिनशिवाय चालते, याचा अर्थ रेणू आणि काम यांची गाठ सुटू शकते. गाठ मारली गेली की सोडली गेली, दोन्ही बाजूंनी ती गाठच ठरते, स्वभाव नव्हे.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेतला माणूस घेईल. बशीत संप्रेरक ओतून काही घडले म्हणजे वनस्पती स्वतः तेच करते असे सिद्ध होत नाही. अगदी खरे; मीठ भरपूर घातले तरीही बीजाणू रुजणार नाहीत. म्हणूनच वर ज्यांवर मी भर दिला ते प्रयोग जनुके काढून किंवा अदलाबदल करून केलेले आहेत. शिवाय ॲब्सिसिक ॲसिडचे थोपवणे बीजाणूपुरते नाही. फ्युनारियाच्या तंतूंना ते दिले तर जाड भिंतींच्या आखूड पेशी तयार होतात, ज्या कोरडेपणातून तगतात आणि नंतर पुन्हा वाढतात. कोरडेपणाची बातमी आणि थांबणे ही जोडी बीच्याही आधीची आहे. बीने ती उचलली आणि स्वतःच्या झोपेसाठी वापरली, असे मला वाटते.

याला लागूनच एक शंका येते. भिंतीवरचे मॉस बऱ्याचदा तुकड्यांनी आणि सुट्ट्या कलिकांनी पसरते. हायोफिला तर त्यासाठी प्रसिद्ध आहे. मग बीजाणूच्या रुजण्याला एवढे महत्त्व कशाला? एकाच भिंतीवर पसरायला तुकडा पुरतो हे खरे. पण एका गावातून दुसऱ्या गावात, घाटातून शहरात वाऱ्याने जाण्याचे काम धुळीएवढ्या बीजाणूचे.

उपयोग काय, हा प्रश्नही विचारला जाईलच. द्राक्षाला जीए किती द्यावे हे मॉसवरून कळणार नाही. मात्र रेणूचे काम ऐकणाऱ्यावर ठरते हे एकदा पटले, की एका पिकावरचा अनुभव दुसऱ्यावर जसाच्या तसा लादण्याआधी त्या पिकाची ऐकण्याची यंत्रणा पाहावी लागते, आणि बुटक्या गव्हाचे यश तर औषधाच्या मात्रेतून आलेच नव्हते, ते ऐकणाऱ्या बाजूच्या बदलातून आले होते.

सर्वांत खरा दुबळेपणा निराळाच आहे. बीजाणूबद्दल मी जे जनुकीय पुरावे दिले ते जवळपास सगळे फिस्कोमिट्रेलाचे आहेत. त्याचा प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा वाण इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वुड या रानातून 1962 साली गोळा केलेल्या नमुन्यापासून आला. थंड, ओलसर देशातल्या एका मॉसवरून चार महिने भिजणाऱ्या आणि आठ महिने भाजणाऱ्या भिंतीवरच्या मॉसबद्दल किती बोलावे याला मर्यादा आहे. ती ओलांडायला महागडी यंत्रे लागत नाहीत. फ्युनारिया फिस्कोमिट्रेलाच्याच कुळातले. हायोफिला दूरचे आणि कोरड्याला सरावलेले. दोघांचे बीजाणू निर्जंतुक माध्यमावर पेरून काहींना ॲब्सिसिक ॲसिड, काहींना जिबरेलिन, काहींना एन्ट-कॉरीनच्या वाटेतले द्रव्य द्यायचे, काही नुसत्या पाण्यावर ठेवायचे आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, एवढे काम मुंबईतल्या पदव्युत्तर वर्गाच्या आवाक्यातले आहे. पावसाळी भिंतीवरच्या मॉसचा बीजाणू ॲब्सिसिक ॲसिडला इंग्लंडच्या मॉसपेक्षा अधिक मानत असेल, तर ऐकण्याची यंत्रणा जागेच्या गरजेनुसार घट्ट होते या म्हणण्याला बळ मिळेल. आणि जर तो तयार जिबरेलिनला फुलझाडाच्या बीसारखाच, तितक्याच कमी मात्रेत प्रतिसाद देत असेल, तर वर मांडलेल्या युक्तिवादाचा अर्धा भाग मला मागे घ्यावा लागेल.